ओळीनं ठेव

सहामाही परीक्षा संपली की आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत माती येऊन पडते. कुठून येते हे मोठ्यांपैकी कोणी विचारत नाही. बांधकामावरून विटांचे तुकडे येतात, किराणा दुकानातून रिकामी गोणपाटं येतात, कुणाच्या तरी आजीकडून मूठभर अळीव येतात आणि मुलं किल्ल्याला लागतात. दगडविटांचा ढीग रचायचा, गोणपाट चिखलात बुचकळून त्यावर अंथरायचं, वरून मऊ मातीचा हात फिरवायचा आणि उतारावर अळीव पेरायचे. चार दिवसांत हिरवं रान उगवतं. माझ्या गॅलरीतून ती भिंत पुरी दिसते. हातातलं काम बाजूला ठेवून मी बघत उभी राहते, पण किल्ल्यांपेक्षा माझं लक्ष मुलांच्या मदतीला खाली उतरलेल्या आईबापांकडेच जास्त असतं.

यंदा दोन किल्ले शेजारीशेजारी होते. एक राजगड. मुलाच्या वडिलांनी मोबाइलवर नकाशा उघडून विटेला टेकवून ठेवला होता. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्या आणि मधोमध बालेकिल्ला, सगळं प्रमाणात यायला हवं होतं. संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे. ओल्या मातीत ती दुहेरी भिंत उभी करणं सोपं नाही. बाहेरची भिंत फुगते आणि हळूहळू खाली बसते. मुलानं उभी केली, ती बसली. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली. मग "थांब, मी दाखवतो" म्हणत वडिलांचे हात मातीत गेले आणि मुलाचे बाहेर आले. त्यानंतर तो पाण्याचा डबा धरून उभा होता.

पलीकडच्या किल्ल्याला नाव नव्हतं. तिथली आई ऑफिसातून आली तशीच, खांद्याला पर्स लावून, उभी होती. "हा बोगदा कशाला रे?" तिनं विचारलं.

"अगं, शत्रू वरनं आला की मावळे इथनं निसटणार."

"आणि वरची माती खचली तर?"

मुलगा थांबला. पालथा पडून त्यानं बोगद्यात कोपरापर्यंत हात घातला, आतून छत चाचपलं, मग उठून पळत गेला आणि कुठूनसा एक फुटका पाइप घेऊन आला. आई पाइप धरायला वाकली तर म्हणाला, "तू नको हात लावूस."

वरून बघणाऱ्याला इथं निकाल देणं फार सोपं आहे. ही आई शहाणी, ते वडील उतावळे. मला तो देववत नाही, कारण ही दोन्ही मुलं मी रांगत होती तेव्हापासून पाहिली आहेत. राजगडवाला मुलगा घसरगुंडीच्या पायथ्याशी दिवसच्या दिवस नुसता उभा राहायचा. इतर मुलं कशी चढतात, कुठं धरतात, खाली आल्यावर पाय कसे टेकवतात, हे सगळं डोळ्यांनी पुरतं प्यायल्यावर एके दिवशी तो चढला आणि एकदाही अडखळला नाही. दुसरा मात्र चालायला लागल्यापासून कुणाला बोट धरू देत नव्हता. म्हणजे त्या आईचा जो संयम मला वरून दिसला, त्यातला निम्मा तरी मुलानंच तिच्याकडून करवून घेतला होता. आणि त्या वडिलांच्या उतावळेपणात, गप्प उभ्या असलेल्या मुलाकडे बघून पोटात जी कालवाकालव होते, तिचा वाटा किती, हे गॅलरीतून कसं कळणार?

रिचर्ड बेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली नेमकं हेच सुचवलं होतं. आईबाप जसे वागतात तसं मूल घडतं, असं धरून तोवर बहुतेक अभ्यास होत असत. बेलनं म्हटलं की कदाचित मूल जसं असतं तसे आईबाप वागायला लागतात, हीही शक्यता ध्यानात घ्या. त्याच्या आधीपासून, १९५६ पासून, न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस हे डॉक्टर पतिपत्नी काही मुलांच्या स्वभावाच्या नोंदी त्यांच्या तान्हेपणापासून ठेवत होते. काही मुलं नव्या गोष्टीशी चटकन जुळवून घेतात, काही आकांत करतात, काही उंबऱ्यातच थांबून आधी सगळं न्याहाळतात. मुळात यातलं कुठलंच वाईट नाही, असं त्यांना दिसलं. मुलाचा पिंड आणि घराची रीत यांचं जुळतं की नाही, यावर पुढचं बरंच ठरतं. दोन मुलांच्या कुठल्याही आईला हे कुणी सांगावं लागत नाही. पण एकाच घरात एकच बाप दोन मुलांसाठी दोन निराळे बाप होऊ शकतो, हे पटायला मला स्वतःला पन्नाशी गाठावी लागली.

साताऱ्यातल्या आमच्या वाड्यात गॅस फार उशिरा आला. तोवर पितळी स्टोव्ह. त्याची निगा बाबांकडे होती. बाबा कचेरीत कारकून होते, अत्यंत अबोल. बोलणं आईकडे, ऐकणं बाबांकडे, अशी घराची वाटणी होती. एका रविवारी स्टोव्ह बिघडला. पंप मारावा तर हाताला काही लागतच नव्हतं, दट्ट्या नुसता वरखाली होत होता. बाबांनी स्टोव्ह ओसरीवर आणला, वर्तमानपत्र पसरलं, पाना माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "बघ काय झालंय."

मी तेव्हा पाचवीत असेन. मला स्टोव्हमधलं काही कळत नव्हतं आणि मला काही येत नाही हे कुणाला कळू देणं तर त्याहून अवघड वाटायचं. गणित अडलं की मी वहीवर कोपर आडवं टाकून बसायची. बाबांना हे ठाऊक असावं. ते माझ्या समोर बसले नाहीत. जरा बाजूला, भिंतीला टेकून, सायकलची साखळी रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसले. मी आधी हवेची चावी सैल केली, मग पंपाचं झाकण फिरवून काढलं, सळई ओढून बाहेर घेतली. तेव्हा साखळीवरची नजर न काढता ते एवढंच म्हणाले, "काढशील तसं ओळीनं ठेव."

मी ओळीनं ठेवलं. झाकण, सळई, तिच्या टोकाची चकती, चकतीवरचा चामड्याचा वायसर, खालची छोटी नट. वर्तमानपत्रावर डावीकडून उजवीकडे ती ओळ झाली आणि एकाएकी तो स्टोव्ह मला वाचता येऊ लागला. चामड्याचा वायसर सुकून आक्रसला होता. त्याची कड आत वळलेली, लाकडासारखी टणक. नळीला तो चिकटतच नव्हता, मग हवा दाबली जाणार कशी? मी आईकडून गोडं तेल आणलं, वायसर त्यात बुडवून ठेवला, बोटांनी त्याची कड हळूहळू बाहेर उलगडली. पण बसवायला गेले तर ती कड नळीच्या तोंडाशी दुमडायची. कितीतरी वेळ मी ते करत होते. शेवटी रडू आलं, सळई खाली ठेवली. तेव्हा बाबा दुसऱ्यांदा बोलले. "फिरवत घालून बघ." सळई गोल फिरवत आत सारली तशी चामड्याची कड आपोआप नळीत सरकली आणि अंगठ्याखाली हवेचा तो घट्ट विरोध लागला. तो अजून माझ्या अंगठ्यात आहे.

अख्ख्या दुपारात ते दोनदा बोलले. पहिल्यांदा बोलले ते मी अडण्याच्या आधी, पुढे अडले तर परतायची वाट राहावी म्हणून. दुसऱ्यांदा बोलले ते मी सळई खाली ठेवल्यानंतर. मधला सगळा वेळ त्यांनी साखळीला दिला. आता वाटतं, ती साखळी इतकी काही मळलेली नसणार.

पुढे कधीतरी डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांच्या १९७६ च्या एका अभ्यासाबद्दल वाचलं. एकमेकांत अडकणारे २१ लाकडी ठोकळे आणि त्यांचा मनोरा रचायला बसलेली तीन, चार आणि पाच वर्षांची मुलं. शिकवणारी बाई एकच, पण प्रत्येक वयाला तिचं काम बदलत गेलं. तीन वर्षांच्यांना आधी खेळाची गोडी लावून खेळात धरून ठेवावं लागलं. ती तिच्या सांगण्याकडे बघतही नव्हती. चार वर्षांच्यांना शब्दांनी सावध करावं लागलं. पाच वर्षांची मुलं रचून झाल्यावर तिच्याकडे बघायची, बरोबर आहे ना एवढंच विचारायला. इमारत उभी राहीपर्यंत बांधायची आणि मग उतरवायची परांची जशी असते तशी ही मदत, असं त्यांनी मांडलं. वुडनं त्याच्या आदल्याच वर्षी आयांकडेही पाहिलं होतं. मूल चुकलं की थोडी जास्त मदत आणि जमलं की लगेच हात मागे, असं जिला साधलं तिची मुलं पुढे एकटी बसूनही तो मनोरा रचू शकली. हे वाचताना मला ओसरी आठवली. तरी एक गोष्ट खटकत राहिली. ते ठोकळे रचणारं मूल समोर बसलेलं असतं आणि त्याची चूक दिसते. घरात मुलं कोपराआड वही लपवतात. आता मदत हवी आहे, हे ओळखायचं कशावरून?

तोंडावरून, असं आई म्हणायची. आणि तिला ते यायचं, पण फक्त दादाच्या बाबतीत. दादाचं सगळं तोंडावर. गणित अडलं की पाटी आपटणार, "मला येतच नाही" म्हणून वाडा डोक्यावर घेणार. आई पोळी लाटता लाटता तिथून बोलायला लागायची. "अरे, आधी रुपयाचे पैसे कर की. केलेस? मग आता कितीजणांत वाटायचेत? वाच ना पुढचं, नुसता बघत काय बसलास?" त्या बोलण्याचा धबधबा दादाला मानवायचा. तो भांडत भांडत उत्तराशी पोचायचा. तोच धबधबा माझ्या अंगावर आला की माझं डोकं रिकामं व्हायचं. आईनं माझ्यासाठी कमी जीव टाकला असं नाही. तिच्या हातचं जे खतपाणी दादाला लागू पडायचं, ते मला लागू पडत नव्हतं, इतकंच.

माँटेसरीच्या बालशाळेत दट्ट्यांच्या पेट्या असतात. लाकडी पाटाला लहानमोठी भोकं आणि प्रत्येकात बसणारा एकेक दट्ट्या. मुलानं एक जरी चुकीच्या भोकात बसवला तरी शेवटचा दट्ट्या कुठंच बसत नाही. चूक लाकूडच सांगतं, मोठ्यांना बोलावं लागत नाही. ताराबाई मोडकांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी हीच दृष्टी शिंपले, खडे, बिया यांच्यापर्यंत नेली, ते मला फार मोठं काम वाटतं. घरात मात्र चूक सांगायला लाकूड नसतं. चूक आईच्या भुवईवर दिसते, बापाच्या श्वासात ऐकू येते. काही मुलं त्या भुवईकडे बघतच नाहीत. काही मुलं पुस्तकाकडे कमी आणि भुवईकडे जास्त बघतात आणि त्यांना गणिताच्या आधी भुवई सोडवावी लागते. बाबा माझ्या समोर बसले नाहीत, हे म्हणून महत्त्वाचं होतं.

'श्यामची आई'मधला पोहण्याचा प्रसंग मराठी घरांत सगळ्यांना पाठ असतो. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात हे पुस्तक लिहिलं. पाण्याला भिणारा श्याम माळ्यावर लपून बसतो, आई शिंपटीनं मारून त्याला बाहेर काढते आणि विहिरीवर पाठवते. लहानपणी मला ती आई भयंकर वाटली होती. मी तर त्या जन्मात पाण्यात उतरले नसते. आता पुन्हा वाचताना दिसतं की तो प्रसंग एकटा उभा नाही. पायाला माती लागू नये म्हणून पदर पसरणारी हीच आई आहे, आणि तिचा शब्द नि शब्द मनात साठवणारा, अति हळवा, तिच्या डोळ्यांतल्या पाण्यानं विरघळणारा हाच मुलगा आहे. त्या दोघांत आधी इतकं काही घडून गेलेलं होतं की ती शिंपटी सोसण्याची ताकद त्या नात्यात होती. तो प्रसंग तेवढा उचलून दुसऱ्या घरात नेला तर तिथं मार तेवढा उरेल. ज्या घरांत तो दाखला देऊन मुलांना ढकललं गेलं, त्या घरांतल्या मुलांसाठी माझा जीव तुटतो.

आमच्या वाड्यात मागच्या दोन खोल्यांत एक मावशी राहायच्या. पापड लाटून त्यांनी एकुलता मुलगा वाढवला. त्यांना अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी पापडाच्या लाट्या करता करता त्या मुलाला म्हणायच्या, "काय दिलंय ते मला सांग बघू." तो गणित वाचून दाखवायचा. "म्हंजे काय?" तो आपल्या शब्दांत सांगायचा. "मंग?" तो पुढचं सांगायचा. "का बरं?" इथं तो अडायचा, मागे जायचा, पुन्हा सांगायला लागायचा आणि सांगता सांगता त्याचं त्यालाच उमगायचं. मावशींना उत्तर कळायचं नाही, पण पोराच्या आवाजात खात्री आली की कळायचं. तेव्हा त्या पुढची लाटी उचलायच्या. यात त्यांचं न शिकलेपण कामी आलं म्हणून मी त्याचं गुणगान करणार नाही. त्यांना शाळेत जायला मिळायला हवं होतं. पण भोळेपणानं विचारण्याची जी निर्भय रीत त्यांच्याकडे होती ती शिकलेल्या आईबापांकडे क्वचित दिसते. आम्हाला उत्तर माहीत असतं आणि ते ओठांवर येऊन धडका देत असतं.

परवा दादाशी फोनवर बोलताना स्टोव्हचा विषय निघाला. दादा नाशिकला असतो. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यानं उभी हयात काढली. धातूचा तुकडा हातात घेऊन किती घासायचा हे त्याला मोजण्याआधी कळतं. मी म्हटलं, "बाबा माझ्याशी जसे बसले तसे तुझ्याशी कधी बसले नाहीत, याचं मला वाईट वाटतं रे. तू काही सोडायला घेतलंस की ते तुझ्या हातातून पाना काढून घ्यायचे."

दादा जरा वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "अगं, मला तेच तर हवं असायचं."

"म्हणजे?"

"मला बाबांचे हात बघायचे असायचे. ते सांगायचे नाहीत काही, तुला माहितीये. पण पाना कुठं धरतात, नट शेवटचा वेढा सुटायच्या आधी बोट कसं खाली नेतात, ते मी बघायचो. मी मुद्दाम घोळ घालायचो कधीकधी. म्हणजे ते घेतील हातात."

इतकी वर्षं मी एक गोष्ट पक्की धरून चालले होते की मला बाबा मिळाले आणि दादाला ते मिळाले नाहीत. फोन ठेवल्यावर किती वेळ तशीच बसून होते. आपल्या घरातल्या चार माणसांत कुणाला कुणाकडून काय मिळालं, हे आपण मोठे झाल्यावरही पूर्ण कळत नाही. पाण्याचा डबा धरून उभं राहिलेलं मूल काय बघत असतं, हे त्या मुलालाच विचारायला हवं, आणि ते मूल चाळिशीचं होईपर्यंत बहुधा सांगणार नाही.

दादाची धाकटी आता दहावीत आहे. स्वभावानं माझ्यावर गेली आहे असं सगळे म्हणतात. भूमिती अडली की दार लावून घेते. दादा बाहेर येरझाऱ्या घालतो. आईचा बोलकेपणा त्याच्यात पुरता उतरलाय. गप्प बसणं त्याला खरोखर जड जातं. एकदा न राहवून आत गेला, तर पोरगी म्हणाली, "बाबा, तू बस, पण बोलू नकोस." तो बसला. "पाय हलतात गं माझे," तो मला सांगत होता, "तिला तेही ऐकू येतं." मग त्यानं एक युक्ती काढली. कारखान्यातून आणलेला जुना व्हर्निअर कॅलिपर घेऊन बसतो आणि पुसतो. बाबांच्या सायकलच्या साखळीची गोष्ट मी त्याला तोवर सांगितलेली नव्हती.

काल रात्री पुन्हा त्याचा फोन आला, हळू आवाजात. पोरगी वही घेऊन आपणहून त्याच्याकडे आली होती. वर्तुळाला बाहेरच्या एका बिंदूतून काढलेले दोन स्पर्शिकाखंड सारखेच का असतात, हे तिला पुस्तकात वाचून पटत नव्हतं. पण तिनं ते विचारलंच नाही. तिनं विचारलं, "बाबा, तुला हे शाळेत असताना पटलं होतं का?"

"मग? काय सांगितलंस?" मी विचारलं.

"अजून काही नाही. आकृती काढतोय. तिनं दोन त्रिज्या काढल्यात, आता म्हणते पुढचं मला दिसतंय, पण सांगू नकोस." मागून पेन्सिलला टोक करण्याचा आवाज येत होता. "ठेवतो गं," दादा म्हणाला, "हाक मारतेय."